वेटिंग लिस्ट शोधू नका, कुलूप लागलेली घरं मोजा

तुम्ही विचारलंय की शहरातल्या वस्त्यांमध्ये गरीब घरांना सरकारी बालवाडीची, म्हणजे अंगणवाडीची, गरज असून ती मिळत नाही हे आकड्यात कसं दाखवायचं आणि तुमच्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, प्रोजेक्टसाठी वेटिंग लिस्ट कुठल्या ऑफिसात मिळेल. कुठेच मिळणार नाही. अंगणवाडीला वेटिंग लिस्ट नसते. जिच्या पोराला जागा मिळाली नाही ती बाई कुठल्या रजिस्टरवर सही करून येत नाही, पोरगं मोठ्या पोरीच्या कडेवर देते आणि कामाला जाते.

ती मोठी पोरगी मी होते म्हणून हे लिहायला बसले.

आमचे आईवडील 1972 च्या दुष्काळात उस्मानाबादकडून पुण्याला आले ते परत गेलेच नाहीत. भाऊ 1985 चा, मी तेव्हा दुसरीत. आई सहा घरची धुणंभांडी करायची, वडील हमाली. भाऊ दीड वर्षाचा होईपर्यंत आजी होती, ती गेली आणि माझी शाळा सुटली. कुणी काढलं नाही, कुणी रागावलं नाही, एक दिवस आई म्हणाली आज राहा घरी, मग उद्याही राहा, असं करत करत हजेरीपटावर आधी गैरहजर आणि मग नाव कमी. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, म्हणजे मी भावाला झोळीत झुलवत होते तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची झाली होती, आमच्या गल्लीपर्यंत मात्र आली नव्हती. भाऊ चार वर्षांचा झाला तेव्हा महिला मंडळाच्या बायकांनी देवळात बालवाडी काढली. तो तिथे बसायला लागला त्याच महिन्यात आई मला शाळेत परत घेऊन गेली. मला तिसरीत बसवलं, माझ्याबरोबरच्या पोरी सहावीत गेल्या होत्या. त्या काळात कुणी सर्व्हेला आलं असतं आणि आईला विचारलं असतं की बालवाडी हवी का, तर आई नको म्हणाली असती. तिला बालवाडी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं आणि पोरगं सांभाळायला मी होतेच की.

आता सर्व्हेचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

2012 ला मी एका संस्थेत रोजावर सर्व्हेचं काम धरलं होतं. टेकडीच्या उतारावरची वस्ती, खालच्या अंगाला दोन अंगणवाड्या, वरच्या अंगाला एकही नाही, मधून नाला. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, मुलाला अंगणवाडीत पाठवायची इच्छा आहे का, हो किंवा नाही, टिक करा. आम्हाला सकाळी अकरा ते चार अशी वेळ दिलेली. अकरा वाजता वरच्या अंगाला गेलं की निम्म्या दारांना कुलूप. ते 'घर बंद' असं लिहायचं आणि पुढे जायचं, आणि नंतर डेटा भरताना बंद घरं हिशेबातूनच वगळायची. नवराबायको दोघंही कामावर, घरात म्हातारं माणूस नाही, पोरांना घेऊन साइटवर गेलेत नाहीतर शेजारणीकडे टाकलंय, असली घरं म्हणजे ती बंद घरं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज तीच यादीतून गेली आणि जी बाई घरात सापडली, म्हणजे जी मूल सांभाळायला घरी थांबू शकते, तिच्या उत्तरावर टक्केवारी निघाली.

एका दारात नऊ-दहा वर्षांची मुलगी बसलेली, कडेवर भाऊ, नाक वाहतंय त्याचं, आणि ती एका हाताने तांदूळ निवडतेय. मी विचारलं शाळा? म्हणाली, हा शाळेत जायला लागला की मी जाणार. फॉर्मच्या नियमाप्रमाणे घरात प्रौढ व्यक्ती नसेल तर रकाना मोकळा सोडायचा होता. मी सोडला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता माझी वही घेऊन मी स्वतःहून परत गेले. आई आली होती कामावरून. मी फॉर्मचाच प्रश्न विचारला तर सरळ म्हणाली, नको बाई. मग मी विचारलं, का नको? तर म्हणाली, ती साडेदहाला उघडती आणि एकला सुटती, मी साडेसातला घर सोडते, सोडायचं कुणी आणि आणायचं कुणी, आणि मधला नाला पावसाळ्यात पोराला ओलांडता येतो का. हे उत्तर फॉर्मवर 'नाही' होतं. इच्छा नाही. पुढे आठवडाभर मी रोज संध्याकाळी जात राहिले, कुलूप लागलेल्या एकेका घरात, आणि वहीत पेन्सिलीने दोन कॉलम पाडले: दिवसा मूल कोण सांभाळतं आणि सांभाळणाऱ्याचं वय काय. दुसऱ्या कॉलममध्ये आठ, नऊ, अकरा, सत्तर, दहा असे आकडे यायला लागले.

वही घेऊन सर्व्हेच्या प्रमुख सरांकडे गेले. त्यांनी वाचलीसुद्धा नाही नीट. म्हणाले, ताई, हा बालमजुरीचा विषय आहे, आपला स्कोप पूर्वप्राथमिकचा आहे, मिक्स करू नका. मी म्हटलं सर, हे दोन विषय नाहीत. ते म्हणाले, खालच्या दोन्ही अंगणवाड्यांत जागा रिकाम्या आहेत, मग न भागलेली गरज आली कुठून? आणि रिपोर्टमध्ये तेच गेलं, की मागणी कमी आहे, नवीन केंद्राची आवश्यकता दिसत नाही.

ज्या वादाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही ते आज देते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तिथून पुढे कोसबाडला वारली पाड्यांमध्ये काम नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी मागणी नाही असं लिहून फाइल बंद केली नाही, त्या बालवाडी मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, अंगणवाडी हा शब्दच त्यातून आलाय. आणि मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळण्यात अडकतात हे बघून त्यांनी विकासवाडी नावाच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. म्हणजे ज्याला सर स्कोपच्या बाहेर म्हणत होते तो या कामाचा पाया होता आणि तो आपल्याच महाराष्ट्रात घातला गेलाय. सांभाळणाऱ्या बहिणीचं वय हा पूर्वप्राथमिकचाच आकडा आहे.

रिकाम्या जागांबद्दल पण बोलते. तीन वर्षांचं पोर नकाशावरचं अंतर चालत नाही. मध्ये नाला असेल, हायवे असेल, दारूचा गुत्ता असेल तर दोनशे मीटरवरची रिकामी जागा त्याच्यासाठी नाहीच. त्यामुळे शहराची एकूण मुलं उणे एकूण जागा अशी वजाबाकी करू नका, एकेका वस्तीची करा, आणि वस्ती नाल्याने तुटली असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या धरा.

आता कागदांकडे वळा, कारण तुमचे गाइड कागदच मागणार. सेविकेच्या रजिस्टरवरची लाभार्थी संख्या उचलून वापरू नका. त्यात गरोदर बायका असतात, तीन वर्षांच्या आतली घरपोच आहार घेणारी बाळं असतात, आणि पैसे भरून प्रायव्हेट नर्सरीत जाणारी पण आहारासाठी इथे नाव असलेली मुलंही असतात. तुम्हाला हवीत तीन ते सहा वयाची, प्रत्यक्ष येऊन बसणारी. पट वेगळा आणि हजेरी वेगळी. न सांगता तीन वेगळ्या दिवशी जाऊन डोकी मोजा, त्यातला एक दिवस बाजाराचा धरा. आणि सेविकेचं रजिस्टर तिला नेमून दिलेल्या भागापुरतंच असतं, त्यामुळे वस्ती वर सरकली, नवीन पत्रे उभे राहिले, की ती घरं कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसतात. 2021 पासून अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर हे सरकारी अॅप आलंय, त्यावर टक्केवारी छान दिसते पण ती नोंदलेल्यांचीच. ज्याचं नावच नाही ते मूल त्या टक्केवारीच्या अंशातही नाही आणि छेदातही नाही.

जनगणनेचाही फार उपयोग नाही. शेवटची हातात असलेली 2011 ची, 2021 ला व्हायची ती तेव्हा झाली नाही. वॉर्डवार तक्त्यात 0 ते 6 वयाची मुलं एकत्र मिळतात, तीनच्या पुढची वेगळी काढता येत नाहीत. शिवाय त्यात झोपडपट्टी म्हणून धरायला साधारण 60-70 घरं किंवा 300 लोकसंख्या लागते, म्हणजे पुलाखालची वीस घरं त्यात येत नाहीत. असर, म्हणजे प्रथम संस्थेच्या शिक्षणाच्या सर्व्हेचे, अहवाल चांगले असतात पण ते मुख्यतः ग्रामीण भागाचे.

गरीब कोण हे रेशन कार्डाच्या रंगावरून ठरवू नका हे हात जोडून सांगते. पिवळं कार्ड गावाला सासऱ्याच्या नावावर असतं आणि शहरात कुटुंब विनाकार्डाचं, सगळ्यात गरीब माणूस त्या चाळणीतून पहिला गळतो. उत्पन्नही थेट विचारू नका, खरं कुणी सांगत नाही. काम काय, महिन्यातले किती दिवस मिळालं, भाडं किती, एवढं विचारलं तरी पुरतं.

प्रायव्हेट नर्सरीत पैसे भरून घालणाऱ्यांना आमच्या सरांनी 'गरज भागलेली' धरलं होतं. माझं मत साफ उलटं आहे. चार घरची भांडी घासून त्यातल्या एका घरचा पूर्ण पगार नर्सरीला देणारी बाई गरज भागलेली नाहीये, जवळ धड अंगणवाडी नाही म्हणून ती ते भरतेय. तिला वेगळ्या रकान्यात ठेवा. अर्थात काही जणी खरंच इंग्लिश मीडियमच्या हट्टाने घालतात, अंगणवाडी दाराशी असती तरी घातलंच असतं, तेव्हा हा प्रश्न विचारून मगच टाका, सगळ्यांना सरसकट ओढू नका.

आणि नुसता प्रोजेक्ट करून गुण घेऊ नका. सुप्रीम कोर्टाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे, पीयूसीएल या मानवी हक्क संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी केलेल्या केसमधला. वस्तीत सहा वर्षांखालची निदान 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल तर लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे, झोपडपट्टीलाही आहे. म्हणजे तुमची यादी हाच मागणीचा कागद होऊ शकतो. 40 नावं, वय, घर नंबर, आयांच्या सह्या. आमच्या टेकडीवर वरच्या अंगाला 40 च्या वर मुलं होती, माझ्या वहीत होती, पण हा आदेश तेव्हा मला माहीत नव्हता. सरांना माहीत असायला हवा होता.

थोडं सांभाळूनही घ्या. मी सगळं काम शहरातल्या वस्त्यांचं केलंय, ऊसतोडीच्या कोप्यांवर किंवा पाड्यांवर हीच पद्धत जशीच्या तशी लागू होईल असं मी म्हणणार नाही, तिथे तर कुटुंबच सहा महिने जागेवर नसतं. आणि सेविकांना दोष देणारा रिपोर्ट लिहू नका. एका बाईने अॅप भरायचं, वजनं करायची, लसीकरणाला बोलवायचं, सर्व्हे करायचे आणि उरलेल्या वेळात मुलांना गाणी शिकवायची, तेही मानधनावर. 2023 च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या ते पन्नास दिवसांच्या वर बसल्या, तेव्हा कुठे लोकांना कळलं की या बायका दिवसभर काय काय करतात. केंद्र लवकर का सुटतं हे तिला नीट बसून विचारा, तीच तुम्हाला खरं सांगेल.

संध्याकाळी सात ते नऊ जा, रविवारी सकाळी जा, बंद घराला तीन फेऱ्या झाल्याशिवाय बंद लिहू नका. 'हवी का' हा प्रश्न फॉर्ममधून काढून टाका. त्याऐवजी विचारा, काल सकाळी दहा वाजता हे मूल कुठे होतं, कुणाजवळ होतं, आणि ते जवळ असणारं माणूस किती वर्षांचं. कालचं विचारलं की लोक आठवून खरं सांगतात. तीनच्या आतलं भावंडही लिहून घ्या, कारण मोठी बहीण सुटते ती दोघंही कुठेतरी बसायला लागल्यावरच. तुमचे गाइड म्हणतील सांभाळणाऱ्याच्या वयाचा कॉलम स्कोपच्या बाहेर आहे. काढू नका तो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. नावं आणि घर नंबर झाकून पानांचे फोटो हवे असतील तर खाली लिहा, रविवारी काढून पाठवते.