'लॉस अँड डॅमेज' म्हणजे नुकसानभरपाई का?

प्रश्न असा आहे: हवामान परिषदांच्या बातम्यांत, हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीच्या एकाच निधीला कुठे 'नुकसानभरपाई निधी' तर कुठे 'हानी व नुकसान निधी' म्हणतात. मूळ शब्दजोडी 'लॉस अँड डॅमेज'. यातलं बरोबर काय? आणि हानी व नुकसान हे समानार्थीच असतील तर दोन्ही कशाला?

या निधीला 'नुकसानभरपाई' म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. नुकसान म्हटलं की काय गेलं एवढंच कळतं. भरपाई म्हटलं की ती कोणी करायची हेही ठरतं, म्हणजे दोषी कोण तेही आलं. या दोन शब्दांमधल्या अंतरावरच तीस वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या आहेत आणि त्यात सगळ्यात चिवटपणे उभा राहिलेला देश आहे वानुआतू. नैर्ऋत्य प्रशांत महासागरातली ऐंशीच्या आसपास बेटं, लोकसंख्या जेमतेम तीन लाखांच्या घरात. १९८० साली ब्रिटन आणि फ्रान्सच्या संयुक्त अंमलातून स्वतंत्र झालेला.

हवामान कराराचा मसुदा तयार होत होता तेव्हा, १९९१ मध्ये, छोट्या द्वीपराष्ट्रांच्या आघाडीच्या वतीने वानुआतूने एक प्रस्ताव मांडला. समुद्राची पातळी वाढून बेटांचं जे जाईल त्यासाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी उभारावा आणि त्यात औद्योगिक देशांनी आपलं उत्पन्न व कार्बन उत्सर्जन यांच्या प्रमाणात पैसे भरावेत. १९९२ च्या करारात तो आला नाही. पुढे २०१५ च्या पॅरिस करारात ८ वं कलम आलं आणि हानी-नुकसानीला स्वतंत्र जागा मिळाली. पण करार स्वीकारण्याच्या निर्णयातच, ५१ व्या परिच्छेदात, हे कलम कोणत्याही दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होणार नाही असं लिहून ठेवलं गेलं. श्रीमंत देशांनी 'लॉस अँड डॅमेज' हे शब्द मान्य केले ते ही अट घालूनच.

निधीचा निर्णय २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. त्याच २०२३ च्या जुलैत अमेरिकेचे हवामानदूत जॉन केरी यांना त्यांच्या संसदीय समितीत विचारलं गेलं, अमेरिका हवामानाची भरपाई देणार का? उत्तर होतं, कोणत्याही परिस्थितीत नाही. आणि नोव्हेंबरअखेर दुबईत अमेरिकेने याच निधीसाठी १ कोटी ७५ लाख डॉलर जाहीर केले. ही रक्कम आपण 'नुकसानभरपाई' म्हणून छापली तर देणाऱ्याने जे साफ नाकारलं आणि मागणाऱ्याला जे अजून मिळालेलं नाही, ते आपणच देऊन मोकळे होतो.

हा फरक मराठीला नवा नाही. आपल्या सरकारी कागदांत भूसंपादनाचा 'मोबदला' वेगळा आणि 'सानुग्रह अनुदान' वेगळं. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळतं ते सानुग्रह अनुदान. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना मिळालेले ५० हजार रुपये हे सानुग्रह सहाय्य. अनुग्रह म्हणजे कृपा. मोबदला कमी वाटला तर कोर्टात वाढवून मागता येतो, अनुदानाचं तसं नसतं. श्रीमंत देशांना द्यायचं आहे ते सानुग्रह, वानुआतूला हवा आहे हक्क.

आता जोडीबद्दल. या चर्चांत 'लॉस' साधारणपणे परत न मिळणाऱ्या गोष्टींसाठी वापरतात: माणसं, जमीन, भाषा, पूर्वजांच्या दफनभूमी. 'डॅमेज' दुरुस्त होण्याजोग्या गोष्टींसाठी: रस्ते, छपरं, बागा. मराठीत ही वाटणी आपोआप बसते. 'जीवितहानी झाली नाही, मात्र घरांचं मोठं नुकसान झालं' हे वाक्य दर पावसाळ्यात वाचतो. त्यात शब्दांची अदलाबदल करून बघा, जमत नाही. शोकसंदेशातही 'कधीही भरून न येणारी हानी' असंच येतं. सरसकट नियम नाही हा, 'भरून न येणारं नुकसान' म्हणणारेही आहेत. पण कल इतका स्पष्ट आहे की 'हानी व नुकसान' ही जोडी मला द्विरुक्ती वाटत नाही, नेमकी वाटते.

'भरपाई' मग कधी वापरायची? न्यायालयाबद्दल लिहिताना, अगदी निःसंकोच. साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुचवलेली कल्पना वानुआतूने उचलून धरली आणि २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागणारा ठराव एकमताने संमत केला. त्याच महिन्यात दोन चक्रीवादळं एकापाठोपाठ वानुआतूवर आदळली होती. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली, पहिला युक्तिवाद वानुआतूचा. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं: हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणं हे बेकायदा कृत्य ठरतं आणि त्यातून झळ पोचलेल्या देशांना पूर्ण क्षतिपूर्ती देण्याची जबाबदारी येऊ शकते. मात्र कृत्य आणि हानी यांच्यात पुरेसा थेट व निश्चित कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल.

ही अट किती कठीण आहे याचं उदाहरण वानुआतूतच आहे. टोरेस बेटांतलं लातेउ हे किनाऱ्यावरचं गाव २००० नंतरच्या दशकात आत हलवलं गेलं आणि समुद्र वाढल्याने उठलेलं गाव म्हणून गाजलं. नंतरच्या मोजणीत दिसलं की भूगर्भातल्या हालचालींनी बेटाची जमीनही खचत होती आणि तो वाटा मोठा होता. गावकऱ्यांची हानी खरीच, तिची भरपाई कोणी आणि किती करायची हा हिशेब मात्र अवघड.

न्यायालयाच्या मतातल्या 'रेपरेशन'साठी मी वर 'क्षतिपूर्ती' वापरला, कारण तिचे तीन प्रकार आहेत: पूर्वस्थिती आणून देणं, पैशाने भरपाई करणं, आणि 'सॅटिस्फॅक्शन'. या शेवटच्याला 'समाधान' म्हटलं तर मराठी वाचक भलतंच समजेल. तिथे 'चुकीची कबुली वा माफी' असं उलगडून लिहावं. निधीचं अधिकृत नावही 'हानी व नुकसानीला प्रतिसाद' देणारा असंच आहे, भरपाई देणारा नव्हे. मथळ्यात जागा कमी असेल तर 'हानी-नुकसान निधी' पुरेसं आहे.