वाचकांचे प्रश्न : डिहायड्रेटरमधले वाळवण

प्रश्न : आमच्या बागेतले टोमॅटो, गाजरे आणि सफरचंदे एकाच वेळी तयार झाली, म्हणून आम्ही फूड डिहायड्रेटर घेतला. काम लवकर उरकावे या हेतूने तापमान ७० अंशांवर ठेवले. काप हाताला खडखडीत लागले, तेव्हा ते लगेच बरणीत भरून झाकण लावले. चार-पाच दिवसांतच टोमॅटोच्या बरणीच्या झाकणाला आतून वाफ धरलेली दिसली आणि काही कापांवर पांढरट बुरशी आली. सफरचंदाच्या बरणीत बुरशी नाही, मात्र काप एकमेकांना चिकटले आहेत. आमचे काय चुकले आणि यातले काय वापरता येईल?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. टोमॅटोची ती बरणी संपूर्ण टाकून द्यावी. बुरशी धरलेले काप वेचून बाकीचे वापरण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण दिसते तेवढीच बुरशी असते असे नाही. सफरचंदाच्या कापांना बुरशीचा वास किंवा डाग नसेल तर ते सुटे करून पुन्हा यंत्रात घालावेत आणि पूर्ण वाळवावेत.

आता चुकीविषयी. डिहायड्रेटर हे शिजवण्याचे यंत्र नव्हे. कोमट, कोरडी हवा सतत खेळती ठेवून फळाच्या आतले पाणी हळूहळू पृष्ठभागावर आणायचे आणि तिथून उडवून न्यायचे, एवढेच त्याचे काम आहे. आतले पाणी बाहेर यायला वेळ लागतो. हवा फार गरम असली की पृष्ठभाग त्या आधीच सुकतो, त्यावर कडक कवच धरते आणि आतली ओल तिथेच कोंडली जाते. असा काप बोटांना कोरडा लागतो, पण मध्ये चिरला तर आत ओलसर गर सापडतो, आणि बरणीत गेल्यावर हीच ओल दोन-चार दिवसांत सगळ्या कापांत पसरते. भाज्यांसाठी ५२ ते ५७ अंश सेल्सिअस आणि फळांसाठी साधारण ५७ अंश एवढे तापमान पुरते. काप ३ ते ६ मिलिमीटर जाडीचे आणि शक्यतो एकसारखे असावेत, म्हणजे एक करपून दुसरा ओला राहत नाही. ते थाळीत एकमेकांवर न चढवता सुटे मांडावेत.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेतले तास केवळ अंदाज म्हणून घ्यावेत, कारण जाडी, फळाचा रसाळपणा आणि खोलीतला दमटपणा यांनुसार वेळ कितीतरी बदलते. खरी पारख थंड कापावरच होते. गरम काप नेहमी असतो त्यापेक्षा मऊ लागतो, म्हणून दोन-तीन काप बाहेर काढून पूर्ण निवू द्यावेत आणि मग मधोमध चिरून दाबून पाहावेत. फळ चामट व लवचिक असावे, पण दाबल्यावर ओल दिसू नये आणि दुमडले तर आतल्या बाजू चिकटू नयेत. भाजी मात्र कट्कन मोडली पाहिजे.

वजनकाट्याचा हिशेब याहूनही भरवशाचा, आणि आमच्या मते त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो चिरलेल्या फोडींत घन भाग साधारण १५० ग्रॅम. वाळलेल्या फळात २० टक्के ओल राहिली तर चालते, तेव्हा त्या फोडींचे वजन १९० ग्रॅमच्या आसपास आले की काम झाले असे समजावे. २५० ग्रॅम भरले तर आत अजून बरेच पाणी आहे. भाज्यांत मात्र १० टक्क्यांहून जास्त ओल ठेवू नये.

आपली दुसरी चूक गरम काप बरणीत कोंडण्याची. त्यातून निघालेली वाफच झाकणाला धरली. काप थाळीतच निवू द्यावेत, पण दमट हवेत तासन्‌तास उघडे ठेवू नयेत, नाहीतर ते पुन्हा सादळतात. त्यानंतर फळांचे काप काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरावेत, झाकण घट्ट लावावे आणि सात ते दहा दिवस बरणी रोज हलवावी. काही काप जास्त वाळलेले असतात, काही कमी. या दिवसांत त्यांच्यातली ओल सारखी वाटली जाते. या काळात काचेवर आतून एक थेंब जरी दिसला तरी सगळी बरणी यंत्रात रिकामी करावी. हा आठवडा सहसा कंटाळ्यापोटी वगळला जातो.

प्रश्न : आम्ही वाळवलेली घेवड्याच्या शेंगांची आणि गाजराची भाजी बुरसटत नाही, पण काही महिन्यांत तिचा रंग उडतो, तिला वाळक्या गवतासारखा वास येतो आणि शिजवताना ती लवकर मऊ पडत नाही. हे कशामुळे होते?

उत्तर : भाजी कच्चीच वाळवल्यामुळे. भाजीतली विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी नैसर्गिक द्रव्ये) वाळवण्याने नाहीशी होत नाहीत. ती मंदपणे काम करत राहतात आणि रंग, वास, चव बिघडवतात. ती निष्क्रिय करण्यासाठी चिरलेल्या शेंगा आणि गाजरे दोन ते चार मिनिटे वाफवावीत, लगेच थंड पाण्यात बुडवावीत आणि निथळून थाळीत मांडावीत. अशी भाजी वाळतेही लवकर आणि नंतर पाणीही चटकन शोषते. कांदा, ढोबळी मिरची आणि अळिंबी यांना वाफवण्याची गरज नाही.

फळांचे शास्त्र थोडे निराळे आहे. सफरचंद व केळे काळे पडू नये म्हणून लिंबाचा रस आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फोडी काही मिनिटे ठेवल्या तरी पुरते. द्राक्षांच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी सुटत नाही. ती अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवली की सालीला बारीक तडे जातात.

प्रश्न : कांदा, सुवासिक पाने आणि फळे एकाच वेळी यंत्रात घातली तर चालेल का?

उत्तर : नाही. पानांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब पुरते, त्याहून जास्त तापमानात त्यांचा सुगंध उडतो. आणि कांद्याचा वास फळांना लागला तर तो जात नाही. अर्धवट वाळलेल्या मालात मध्येच ताज्या फोडींची थाळी सरकवणेही टाळावे, त्यामुळे आतली हवा पुन्हा दमट होते. पंखा तळाशी असलेल्या यंत्रात खालच्या थाळ्या आधी वाळतात, म्हणून अधूनमधून थाळ्यांची अदलाबदल करावी.

प्रश्न : वाळवलेले टोमॅटो लसणासह तेलात बुडवून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवता येतील का?

उत्तर : फळीवर मुळीच ठेवू नयेत. लसणात आम्लता कमी असते आणि तेलाखाली हवा पोचत नाही; बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना वाढायला नेमकी हीच परिस्थिती लागते, आणि ते वाढल्याचे वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही. असे मिश्रण लागेल तेवढेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. बाकीचे टोमॅटो कोरडेच, हवाबंद बरणीत, थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावेत.