डॉक्टर न होता आरोग्य धोरणाचा संशोधक होता येतं का? आणि कोकणात राहून, घर आणि छंद सांभाळून हे जमतं का?

तुम्ही रत्नागिरीत संख्याशास्त्र घेऊन बीएससीच्या शेवटच्या वर्षाला आहात, एका जाहिरातीत हे पद वाचलंत आणि घरचे विचारतायत की ही नोकरी म्हणजे नक्की काय. मी कुडाळला राहतो आणि हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो. माझ्या सहकाऱ्यांत डॉक्टर आहेत, तसेच अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा शिकलेलेही आहेत. डॉक्टर समोरच्या पेशंटला काय झालंय ते बघतो. आम्ही बघतो की तो पेशंट दवाखान्यापर्यंत पोचला कसा, किती उशिरा, कोणाच्या पैशाने, आणि शेजारच्या वाडीतला दुसरा पोचलाच का नाही. त्यासाठी आकडे वाचता यायला हवेत आणि माणसांशी बोलता यायला हवं. पहिलं तुम्ही शिकताच आहात.

माझी आई अंगणवाडी सेविका होती. साल्टरचा काटा वाशाला टांगलेला, त्याच्या झोळीत रडणारं पोर, आणि आई वजन वाचून तक्त्यावरच्या रंगीत पट्टीत टिंब काढतेय, हे मी लहानपणापासून पाहिलं. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून रजिस्टरं भरायची आणि मी बेरजा करून द्यायचो. एखादं टिंब खालच्या पट्टीत घसरलं की दुसऱ्या दिवशी ती त्या घरी जायची. आकड्यामागे एक घर असतं हे मला तिथेच कळलं, पदवी नंतर आली. बीएससीनंतर मी मुंबईला देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्रात मास्टर्स केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून याच संस्थेच्या देखरेखीखाली होतं, त्यामुळे सर्वेक्षणाची प्रश्नावली कशी बनते हे तिथे मुळापासून शिकता येतं. मग मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत लागलो आणि काही वर्षांनी कोकणातलं काम मागून घेतलं.

आता प्रत्यक्ष काम. समजा, दवाखान्याच्या खर्चाचा अभ्यास आहे. पडवीत बसून आजींना विचारलं, "भरती झालात तेव्हा खर्च किती आला?" की उत्तर येतं, "काय्येक नाय, सरकारी दवाखानो, सगळा फुकट." इथेच थांबलं तर कागदावर शून्य पडतं. मग एकेक विचारायचं. गेलात कशाने? "रिक्षान. ते पैसे झिलान दिले." सोबत कोण राहिलं? सून. तिचा रोज बुडाला का? ती जेवली कुठे? एखादं औषध बाहेरून आणलं का? आजी उठतात, तांदळाच्या डब्यामागून प्लास्टिकची पिशवी काढतात आणि त्यातून मेडिकलची बिलं, एक्स-रेचं पाकीट, एसटीची तिकिटं बाहेर येतात. शून्याचे काही हजार होतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे. पण सुनेचा बुडालेला रोज त्या हिशेबात येतच नाही, आणि आमच्याकडे लावणीच्या दिवसांत तोच रोज माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवतो. लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा) नेमका त्याच दिवसांत येतो, शेतात पाणी साचलेलं असताना. "लावणी आटपांदे, मग जातंय," असं म्हणत काढलेले चार दिवस जिवावर बेततात.

माझ्या मनाला सर्वात जास्त लागलेला विषय अंतराचा. आपल्याकडे आरोग्य केंद्रं लोकसंख्येच्या हिशेबाने मंजूर होतात. सपाट भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3000 आणि 20,000. आशाताई साधारण हजार लोकांमागे एक. देशावर हजार माणसं एका गावठाणात सापडतात. आपल्याकडे तीच हजार माणसं आठ-दहा वाड्यांत विखुरलेली, मध्ये पऱ्हे म्हणजे ओहोळ, साकव म्हणजे त्यांवरचे छोटे पूल, आणि पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा. त्यातून 2001 ते 2011 च्या दरम्यान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरुण मुंबईला गेले, मागे म्हातारी माणसं राहिली, ज्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. डोकी मोजली तर गरज कमी दिसते, पण पाखाडी चढून बघितली तर ती वाढलेली असते. लोकसंख्येबरोबर पोचायला लागणारा वेळही निकषात धरा, एवढं एक वाक्य शासनाच्या कागदात यावं म्हणून माझ्या कामाची बरीच वर्षं गेली आहेत आणि अजून जातील. मला ती सार्थकी लागल्यासारखी वाटतात.

माकडतापाचंही तसंच. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली. गोचिडीतून पसरणारा आजार, काजूच्या बागेत राबणाऱ्यांना होणारा. पेशंट जवळ पडतं म्हणून बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जातो. 2018 च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. आजाराला हद्द नाही, योजनेला आहे. अशा वेळी कोणत्या राज्याने काय भरायचं हा धोरणाचा प्रश्न होतो.

संशोधनाला मोठं शहरच लागतं असं वाटत असेल तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचा. लाल विंचवाच्या दंशावरचं त्यांचं निरीक्षण 1982 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने त्यांनी असंख्य जीव वाचवले, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. ते काम वैद्यकाचं आहे. पण ते औषध प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात असेल की नाही, हे पुढे धोरण ठरवतं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. बहुतेक नोकऱ्या प्रकल्पावर असतात, करार संपला की पुढचा शोधावा लागतो. आमच्या घरी बायकोची नोकरी पक्की आहे, ती ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, म्हणून मला हा मार्ग धरता आला. तिची रात्रपाळी असली की मुलीचा डबा आणि अभ्यास माझ्याकडे, मी फिरतीवर असलो की आई बघते. माझा प्रत्येक अहवाल आधी बायको वाचते. "हे वॉर्डात चालणार नाही," असं तिने म्हटलं की ती शिफारस मी पुन्हा लिहितो.

छंद म्हणाल तर पखवाज. आमच्या वाडीचं भजनी मंडळ आहे आणि डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, लागली की मी रजा टाकतो. समोरच्या बुवाने गजर चढवला की हात आपोआप चालतो, डोक्यातली कोष्टकं पुसली जातात. गणपतीत घरोघरी भजनाला फिरताना सगळे चाकरमानी भेटतात आणि कोणाच्या आईची डायलिसिस कुठे चाललीय, गोळ्या मुंबईहून येतात की इथेच मिळतात, हेही कळतं. ते मी कुठल्याही अभ्यासात वापरत नाही. संमतीशिवाय कोणाची माहिती वापरायची नाही, हा नियम भजनालाही लागू.

तुम्ही आत्ता काय करावं? कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीचं रत्नागिरी जिल्ह्याचं माहितीपत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. मग जवळच्या उपकेंद्रात जा, सिस्टरना आणि आशाताईंना भेटा, आणि त्यातले कोणते आकडे त्यांना पटतात, कोणते नाहीत ते विचारा. हे करताना मजा आली तर देवनारची संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचं सार्वजनिक आरोग्य शिकवणारं अच्युत मेनन केंद्र, या तिघांचे प्रवेशाचे नियम बघा. घरच्यांना पगाराची काळजी असेल तर शिष्यवृत्ती कुठे मिळते ते आधी तपासा. अर्ज भरताना काही अडलं तर खाली विचारा, मी उत्तर देईन.