टँकर उलटला, तेल तलावात गेलं: भरपाई कोणाला अन् कशी मागायची

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली. हायवेवर तेलाचा टँकर पलटतो, दोन दिवस बातमी चालते, मग रस्ता मोकळा होतो अन् ज्यांचा धंदा बुडाला ते तसेच राहतात. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं थोडी कापली आहेत, नावं अन् गावं काढली आहेत.

प्रश्न: आमची मच्छीमार सोसायटी साकोलीकडची, गावचा मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) आमच्याकडे ठेक्यानं आहे. हायवेवर डिझेलचा टँकर पलटला, डिझेल मोरीतून नाल्यात अन् नाल्यातून तलावात आलं. तिसऱ्या दिवशी रोहू, कटला पालथे पडून वर यायला लागले. आता इन्शुरन्सचा सर्वेअर येऊन म्हणते का ह्या कागदावर सह्या करा अन् पैसे घेऊन जा. रक्कम बोटुकलीच्या (तलावात सोडायच्या माशाच्या पिल्लांच्या) खर्चाएवढी पण नाही. घ्यावं का नाही?

भाऊ, सर्वात आधी तो कागद नीट वाचा. त्यात "फुल अँड फायनल" किंवा "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असं असेल तर आज सही करू नका. पैशाची फारच नड असेल तर वकिलाला दाखवून "अंशतः रक्कम, बाकी हक्क राखून" असं स्वतःच्या हातानं लिहून घ्या, ते चालत नाही म्हणाले तर तो कागद कशासाठी आणलाय ते समजून घ्या. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण जगात सगळीकडे असंच होते. २०१० मध्ये अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन नावाच्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला, ११ कामगार गेले अन् ८७ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. तेव्हा भरपाई वाटणाऱ्या यंत्रणेनं एक झटपट पर्याय ठेवला होता, एकट्या माणसाला ५,००० डॉलर अन् धंद्याला २५,००० डॉलर, जास्त कागदपत्रं नाही, पण बदल्यात कोर्टात जायचा हक्क सोडायचा. घरात चूल पेटायची पंचाईत असलेल्या पुष्कळ लोकांनी ते घेतलं. नुकसान किती दिवस चालणार हे कळायच्या आधीच सही झाली की मग हातात काही राहत नाही.

आता तुमच्या केसचं. मेलेली मासोळी घाईघाईनं पुरू नका, पण फार दिवस ठेवताही येत नाही म्हणून त्याच दिवशी तलाठ्याला बोलवा अन् नुसता तलाठी पुरत नाही, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पंचनाम्याला बोलवा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. काट्यावर वजन करताना फोटो काढा, काट्याचा आकडा दिसला पाहिजे, कोणती जात अन् अंदाजे किती मोठी ते पंचनाम्यात लिहायला लावा. तलाव ठेक्यानं असेल तर पाणी तुमचं नाही पण त्यातली मासोळी सोसायटीची आहे, म्हणून ठेक्याचा करारनामा, ठेका भरल्याची पावती, बोटुकली घेतल्याची बिलं, मागच्या दोन-तीन वर्षांची विक्री, हे सगळं दाव्याला लावायचं अन् दावा सोसायटीच्या ठरावानं सोसायटीच्या नावानं टाकायचा.

समोरची बाजू बहुतेक एकच गोष्ट म्हणेल की उन्हाळ्यात तलावातला ऑक्सिजन कमी होऊन मासे मरतातच, डिझेलचा काय संबंध. हे खोडायला आत्ताच तयारी करा. पाण्यावर तेलाचा थर पसरला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट मिसळत नाही अन् डिझेलमधले काही घटक माशाला सरळ विषारी असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला अर्ज देऊन नमुने घ्यायला सांगा, नाल्याच्या वरच्या अंगाचा एक, तलावात नाला जिथं मिळतो तिथला एक अन् शेजारच्या ज्या तलावात डिझेल गेलंच नाही तिथलाही एक. शेजारच्या तलावात तेवढंच ऊन, तेवढंच कमी पाणी, अन् तिथली मासोळी जिवंत, यापेक्षा मोठा पुरावा नाही.

दावा कुठं टाकायचा? तीन दारं आहेत.

पहिलं मोटार अपघात न्यायाधिकरण. तिथं फक्त जखमी अन् मेलेल्यांच्याच केसेस चालतात असं लोकांना वाटते, पण तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेचं नुकसान पण तिथंच मागता येते. मुदत मात्र आता अपघातापासून ६ महिने आहे, २०२२ पासून हा नियम लागू झाला, त्यामुळे "पोलीस तपास संपू द्या मग बघू" असं करत बसू नका. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, टँकरच्या आरसी अन् पॉलिसीचा नंबर हे पोलीस ठाण्यातून लगेच काढा, गाडी सुटून गेली की मागे लागून लागून दमाल.

दुसरं कलेक्टर. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, धोकादायक पदार्थ हाताळताना अपघात झाला तर चूक कोणाची हे सिद्ध न करता तातडीची मदत मिळावी म्हणून तो केला, अन् गाडीतून वाहतूक पण "हाताळणी"त येते. अर्ज ५ वर्षांच्या आत करायचा, ३ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यातच लिहिलंय. पण टँकरमधला माल अन् त्याचं प्रमाण त्या कायद्याच्या यादीत बसते का हे आधी कलेक्टर ऑफिसात लेखी विचारा. शिवाय खासगी मालमत्तेसाठी मूळ कायद्यात मर्यादा फक्त ६,००० रुपयांची होती, सोसायटीचा तलाव काही त्यानं भरून निघत नाही. तरी या कायद्याखाली मदत घेतली म्हणून मोठा दावा बंद होत नाही, मिळालेली रक्कम त्यातून वजा होते एवढंच.

तिसरं अन् तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्याला. २०१० च्या त्या कायद्याला एक परिशिष्ट आहे, भरपाई कशाकशासाठी मागता येते त्याची यादी, अन् त्यात जलचर प्राणी आहेत, पिकं, झाडं, फळबागा आहेत अन् "धंदा किंवा रोजगार बुडणं" हे पण स्पष्ट आहे. चूक कोणाची होती हे सिद्ध करत बसावं लागत नाही. मुदत ५ वर्षं, त्यावर योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवस. फी मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, कमीत कमी १,००० रुपये, म्हणजे ५ लाख मागितले तर ५,०००, अन् दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. दुसरीकडे अर्ज केला असेल किंवा काही पैसे मिळाले असतील तर ते इथं सांगणं बंधनकारक आहे, लपवू नका.

प्रश्न: वरूडकडं आमचा संत्र्याचा बगीचा आहे. नाल्यातून तेल गेलं तेव्हापासून विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊन रायला. बहार धरायची वेळ अन् पाणी देऊ का नको हेच समजत नाही.

काका, जोवर रिपोर्ट येत नाही तोवर ते पाणी झाडांना अन् जनावरांना देऊ नका. टँकरनं पाणी आणून दिलं तर त्याचं प्रत्येक बिल जपा, नुकसान कमी करायला केलेला योग्य खर्च भरपाईत मागता येते. उलट पाणी खराब आहे हे माहीत असून दिलं अन् झाडं वाळली तर समोरचा वकील तेच बोट धरेल. नमुना स्वतः घ्यायची वेळ आली तर काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, प्लास्टिकला तेल चिकटून राहते अन् रिपोर्टात कमी दिसते. पण स्वतःच्या नमुन्यावर भिस्त ठेवू नका, मंडळाच्या माणसानं पंचांसमोर सील केलेला नमुनाच टिकतो. विहिरीत तेल उशिरा पण झिरपते म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा तपासणी मागा. सातबाऱ्यावर विहीर अन् संत्र्याची नोंद आहे का ते आज बघा. पुष्कळ जणांच्या सातबाऱ्यावर बगीच्याच्या जागी अजून कपाशीच असते अन् मग सगळी लढाई तिथंच अडते.

प्रश्न: माझ्या ढाब्याला तेलाचा एक थेंब लागला नाही, पण रस्ता वळवला तेव्हा गिऱ्हाईक बंद, नंतर लोक म्हणत इथली मच्छी खाऊ नका. मला काही मिळेल का का फक्त ज्यांच्या वस्तू खराब झाल्या त्यांनाच?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. वस्तूला हात न लागता फक्त कमाई बुडाली तर भरपाई द्यायला आपली कोर्टं सहसा कचरतात, कारण मग सीमा कुठं घालायची? ढाबेवाला आला, त्याला दूध देणारा आला, दूधवाल्याला ढेप विकणारा पण आला. तरी हरित न्यायाधिकरणाच्या यादीत धंदा बुडणं आहे, म्हणून दार बंद नाही, पण संबंध घट्ट दाखवावा लागेल.

तो कसा दाखवतात हे बघायचं तर समुद्रातल्या तेलगळतीत काय पाहतात ते बघा. समुद्रात तेलवाहू जहाजातून गळती झाली तर आंतरराष्ट्रीय फंड आहे, आपला देश त्याचा सदस्य आहे, अन् तो फंड हॉटेलवाल्यांचे, मच्छी विकणाऱ्यांचे दावे पण घेते, ज्यांच्या मालकीचं काही खराब झालं नाही त्यांचे सुद्धा. फक्त विचारते काय, तर धंदा गळतीच्या जागेपासून किती जवळ, त्या पाण्यावर तो किती अवलंबून, दुसरीकडून माल किंवा गिऱ्हाईक मिळण्यासारखं होतं का. रस्त्यावरच्या टँकरला हा फंड लागू नाही, पण हे प्रश्न तुम्ही तुमच्या अर्जात स्वतःच सोडवून ठेवा.

अमेरिकेतल्या त्या घटनेनंतर २०१२ मध्ये जी तडजोड झाली त्यात धंद्यांसाठी सूत्रच लिहून दिलं होतं. मे ते डिसेंबर २०१० मधले सलग किमान ३ महिने घ्यायचे अन् आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी लावून पाहायचे, नुसतं २००९ किंवा २००८-०९ ची सरासरी किंवा २००७ ते २००९ ची. किनाऱ्याला चिकटून असलेल्या भागातल्या धंद्यांना संबंध सिद्ध करायचं ओझं कमी, लांबच्यांनी मात्र कमाई आधी पडली अन् पुढच्या वर्षी परत वर आली हे महिन्या-महिन्याच्या हिशोबानं दाखवायचं. यात तुमच्यासाठी कामाची गोष्ट म्हणजे त्याच महिन्याशी तुलना. पोळ्याच्या महिन्याची तुलना लग्नसराईशी केली तर कोणी ऐकणार नाही.

अन् नुकसान म्हणजे बुडालेला गल्ला नाही. समजा एरवी महिन्याला ९०,००० ची विक्री अन् ५०,००० खर्च, म्हणजे हातात ४०,०००. गळतीच्या महिन्यात विक्री २०,००० अन् खर्च १५,०००, हातात ५,०००. मग तुमचं नुकसान ३५,०००, सत्तर हजार नाही. जो सत्तर हजार लिहून देते त्याचा खरा आकडा पण खोटा वाटायला लागते.

प्रश्न: पेपरात शंभर-शंभर कोटींचे आकडे येतात, ते मच्छीमारांना मिळतात का?

प्रत्येक वेळी नाही. २०११ मध्ये मुंबईजवळ रॅक कॅरियर नावाचं जहाज बुडालं, २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणानं १०० कोटी ठरवले, पण ती पर्यावरणाची भरपाई होती, म्हणजे समुद्राच्या नुकसानीची. २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ नावाचं जहाज बुडालं तेव्हा केरळ सरकारनं हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा टाकला अन् त्यात कंपनीचं दुसरं जहाज अडकवून ठेवायचा आदेश निघाला. सरकारचा दावा सरकारचा असते. आपला धंदा बुडाला असेल तर आपला अर्ज वेगळा टाकावाच लागते, कलेक्टरनं पंचनामा केला म्हणजे आपलं नाव यादीत आपोआप आलं असं धरून चालू नका.

प्रश्न: आम्ही बचत गटाच्या बाया, तलावाची मासोळी घेऊन आठवडी बाजारात विकतो. बिल नाही, जीएसटी नाही, दुकान नाही. आम्हाला कोण विचारणार?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बिल नसलं म्हणजे पुरावा नाही असं नसते. बाजारात बसल्याची ठेकेदाराची पावती, गटाचं रजिस्टर, बँकेचं पासबुक, गटाच्या कर्जाचे हप्ते आधी वेळेवर अन् नंतर थकलेले, फोनपेवर आलेले पैसे, सोसायटीच्या वहीत तुमच्या नावावर दिलेले किलो, हे सगळं चालते. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लिहून घ्या की कोणत्या तारखेपासून मासोळी देणं बंद झालं. बर्फवाल्याच्या वहीत तुमचं नाव असेल तर त्या पानाचा पण फोटो घ्या. अन् आजपासून एका साध्या वहीत रोज लिहा, कोणत्या बाजारात गेलो, काय विकलं, काय परत आणलं, कोणी काय म्हणून घेतलं नाही. ज्या दिवशी गेलाच नाही तो दिवस पण लिहा. वहीत खाडाखोड करू नका अन् एकाच दिवशी बसून महिनाभराचं भरू नका, शाई अन् अक्षरावरून ते लगेच दिसते.

सगळ्या जणींचा एकच आकडा टाकू नका. जिची टोपली मोठी तिचं नुकसान मोठं, प्रत्येकीचा वेगळा तक्ता करून एकाच अर्जाला जोडा. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका, १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळते, तिची कमाई कितीही असो. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असते, तिथं आधार कार्ड अन् ही वही घेऊन जा, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना दोघी-तिघी मिळून जा अन् अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.