बेअरिंगचं नाव खरं की कोरलेलं?

प्रश्न : वर्कशॉपमधल्या मोटारीला घातलेलं ६२०५ नंबरचं बेअरिंग महिन्याभरात ओरडायला लागलं. दुकानदार म्हणतो, इंपोर्टेड आहे, न्हावा शेवाहून आलंय. बंदरात नकली माल पकडत नाहीत का?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : पकडतात, पण प्रत्येक कंटेनर उघडत नाहीत. माल कुठून आला, आयातदार कोण, जाहीर किंमत पटण्यासारखी आहे का, यावरून जोखीम ठरते. ब्रँडच्या मालकाने नकली आयात रोखण्यासाठीच्या २००७ च्या नियमांनुसार कस्टम्सकडे ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर काम सोपं. संशयावरून माल अडवला की ब्रँडच्या मालकाला पुढे यायला कामाचे १० दिवस मिळतात, फार तर आणखी १०. तो आलाच नाही तर माल सुटू शकतो. शिवाय बेअरिंग कोरं आणून नाव इथे कोरलं, तर बंदरात अडवणार कशावरून?

आता तुमच्या हातातलं बघा. ६२०५ चं भोक २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ मिमी. व्हर्नियर लावा, पण माप जुळलं म्हणून हुरळू नका; नकलीही मापात असतं. खरी मेख अक्षरांत. कडेवरचं तेल पुसून थिनरच्या फडक्याने घासा. शाईची अक्षरं निघतात, लेसरची राहतात (लेसर नकलीवाल्याकडेही असतो म्हणा). अक्षरांखाली पॉलिशच्या बारीक रेघा किंवा पुसट जुना नंबर दिसला, तर ते वापरलेलं बेअरिंग घासून विकलेलं. खोकं फेकू नका. पक्क्या बिलासह कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला दाखवा.