९० दिवसांचा नोटीस पिरियड न भरता नोकरी सोडली, तर पुढे खरंच कुणाला कळतं का?

कळतं. तुम्ही लिहिलंय की नवी कंपनी ३० दिवसांत बोलावतेय, जुनी सोडत नाही, म्हणून लॅपटॉप कुरिअर करून मोकळं व्हायचा विचार आहे. मी पुण्यात आयटीमध्ये आहे आणि गेली काही वर्षं भरतीच्या मुलाखती घेतो, तेव्हा टेबलाच्या या बाजूने सांगतो.

आधी कागदांचं. २०१४ पासून पीएफला यूएएन आला. तो बारा आकडी नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि त्याखाली प्रत्येक कंपनी, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख ओळीने दिसते. आयकर खात्याच्या २६एएस फॉर्ममध्ये पगारातून टीडीएस कुणी कापला तेही असतं. त्यामुळे ही नोकरी रेझ्युमेतून गाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मध्येच सोडून जाणं एक वेळ खपतं, पण बॅकग्राउंड चेकमध्ये लपवाछपवी सापडली की हातातली ऑफर जाते.

पण कागद हा सोपा भाग. खरी चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर होते. प्रत्येक जुन्या कंपनीच्या लोकांचा एक ग्रुप असतोच. तिथे कुणीतरी नाव टाकतं, "याच्यासोबत कुणी काम केलंय का?", आणि चहा येईपर्यंत उत्तर आलेलं असतं.

एकदा असं मलाच विचारलं होतं. तो मुलगा हुशार होता, पण रिलीजच्या आठवड्यात न सांगता गायब झाला होता आणि त्याचं काम तीन रात्री बसून मी निस्तरलं होतं. मी लिहिलं, "टेक्निकली चांगला आहे." एवढंच. पुढे एक शब्द नाही. विचारणाऱ्याला त्या न लिहिलेल्या भागातूनच कळलं आणि मुलाखत झालीच नाही. वर्षभराने कुणाकडून तरी कळलं की तेव्हा त्याची आई आयसीयूत होती. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आता वाटतं, एक फोन करायला हवा होता. त्याला मात्र आजही माहीत नसेल की ती संधी कुठे अडली.

म्हणून मॅनेजर काय म्हणेल याची फार काळजी करू नका, त्याच्याकडे असे राजीनामे दर महिन्याला येतात. तुमच्यानंतर रात्रीचा सपोर्ट कॉल कुणाला घ्यावा लागणार आहे, ते बघा. हँडओव्हर त्याला समोर बसून द्या, जाण्याचं कारण सांगा, आपला नंबर द्या आणि नंतर त्याचा फोन आला तर उचला.

आणि पळण्याआधी नव्या कंपनीला ईमेलवर विचारा की बायआउटचे, म्हणजे न भरलेल्या नोटीसच्या दिवसांचे, पैसे देणार का, किंवा ४५ दिवस थांबणार का. तोंडी नको. माझ्या पाहण्यात ज्यांना माणूस खरंच हवा असतो ते बहुतेकदा थांबतात. एचआर पहिल्या फोनवर "शक्यच नाही" म्हणेल, ते मनावर घेऊ नका, आम्हीच त्यांना तसं म्हणायला सांगतो.