नाशिकच्या बागेत पानांचे रंग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: नोव्हेंबरच्या सुरुवातीस श्रीनगरला गेलो असता चिनारांची लाल-नारिंगी पाने पाहून भारावून गेलो. आमच्या बंगल्याभोवती थोडी मोकळी जागा आहे. तेथे चिनार किंवा मेपल लावल्यास तसाच रंग मिळेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: रोप कदाचित जगेल, पण तसा रंग येणे कठीण आहे. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतील हरितद्रव्याचे विघटन करते आणि त्यातील नत्र फांद्यांकडे परत ओढून घेते. हिरवा रंग ओसरल्यावर पानांत आधीपासूनच असलेली पिवळी व नारिंगी द्रव्ये दिसू लागतात. लाल रंगाचे मात्र वेगळे आहे. तो त्याच सुमारास नव्याने तयार होतो, कारण देठाच्या बुडाशी पेशींचा थर धरू लागल्याने साखर पानातच अडकते आणि तिच्यापासून अँथोसायनिन हे द्रव्य बनते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठण न होईल इतपत गारवा असला, तर हा रंग विशेष खुलतो. नाशिकला हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो हे खरे, परंतु मेपलला लागते तशी महिनोन्‌महिने टिकणारी थंडी येथे नाही. शिवाय उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की जपानी मेपलच्या नाजूक पानांच्या कडा करपतात. चिनार तर घराच्या आवारात मावणारे झाडच नव्हे.

आपल्या बागेचे वेळापत्रकही निराळे आहे. आश्विन-कार्तिकात, पाऊस नुकताच ओसरलेला असताना, येथील झाडे भरगच्च हिरवी असतात. पानगळ होते ती साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत, आणि तिला थंडीइतकाच, किंबहुना अधिक, जमिनीचा कोरडेपणा कारणीभूत असतो. म्हणूनच ठिबकच्या सततच्या ओलाव्यात वाढलेली झाडे पाने उशिरा गाळतात. या काळात रंगणारे आणि बंगल्याच्या आवारात शोभणारे झाड म्हणून आम्ही तामण सुचवू. महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून तामणाची फुले सर्वांना परिचित आहेत, पण गळण्यापूर्वी तांबूस होणाऱ्या त्याच्या पानांकडे फारसे कोणी पाहत नाही. भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवता येत असेल, तर देशी बदाम लावावा. त्याचे हातभर नसले तरी तळहाताहून मोठे पान एकाच वेळी सर्व बाजूंनी रंगत नाही. मधल्या शिरेजवळ हिरवट, पुढे पिवळे आणि कडेला गडद किरमिजी असे पान जानेवारी-फेब्रुवारीत फांदीवर उन्हाच्या विरुद्ध दिशेने धरून पाहावे. काश्मीरची आठवण येईलच असे नाही, पण तिची उणीवही भासणार नाही.

प्रश्न: गळणाऱ्या पानांचा कचरा घरात कोणालाच नको आहे. बारमाही हिरव्या झाडांतून रंग मिळवता येईल का?
– एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर: अवश्य. आपल्या हवामानात जुन्या पानांइतकाच, किंवा आमच्या मते त्यांहून सरस, रंग कोवळ्या पालवीत असतो. आंब्याची नवी पालवी तांबूस, जांभळट किंवा गुलाबीसर निघते. सीता-अशोकाची कोवळी पाने तर सुरुवातीला मलूल होऊन लोंबतात, आणि नवख्या माळ्याला झाड सुकले असे वाटून तो पाणी वाढवतो. काही दिवसांत तीच पाने ताठ व हिरवी होतात. सीता-अशोक हळू वाढतो आणि त्याला थोडी सावली व ओलावा मानवतो, त्यामुळे घराच्या पूर्वेकडील बाजू त्याला सोयीची. उंच, सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाशी त्याची गल्लत करू नये. कुंपणासाठी लाल पालवीचे सायझिजियम (जांभळाच्या जातकुळीतील झुडूप) रोपवाटिकांत सहज मिळते. त्याची वरचेवर छाटणी केली की प्रत्येक वेळी लाल फुटवा येतो.

प्रश्न: कुंडीतील पॉइन्सेटिया मागील वर्षी लालभडक होता, यंदा मात्र डिसेंबर उलटला तरी हिरवाच आहे. – एक वाचक, सिडको

उत्तर: कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या किंवा गॅलरीतील बल्बच्या उजेडात आहे का, ते आधी तपासावे. या झाडाची वरची पाने लाल होण्यासाठी सलग, अखंड अंधाराच्या लांब रात्री लागतात. डिसेंबरात नाशिकची रात्र सुमारे १३ तासांची असते, त्यामुळे उघड्यावर काहीच करावे लागत नाही. परंतु रात्रभराच्या दिव्यामुळे हा हिशोब बिघडतो. पुढील वर्षी ऑक्टोबरच्या आरंभापासून कुंडी दिवसा उजेडात, पण रात्री अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी आणि ऑगस्टनंतर छाटणी करू नये. याचा चीक त्वचेला चुरचुरतो, तेव्हा हातमोजे घालावेत.

प्रश्न: परसातील मांडवावर द्राक्षाचा वेल चढवला आहे. पाने कडेने लालसर होत आहेत, तर काही जास्वंदींची पाने पिवळी पडली आहेत. हा ऋतूचा रंग समजावा का?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर: दोन्ही बाबतींत तसे समजू नये. युरोपातील द्राक्षमळे शरदात रंगतात, कारण तेथे वेल थंडीत झोपी जातो. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळांसाठी) होते, त्यामुळे हिवाळ्यात वेलावर कोवळी, कामाची पाने असतात. त्यांचा लालसरपणा हे बहुधा पालाश (पोटॅशियम) किंवा मॅग्नेशियमच्या कमतरतेचे लक्षण असते. जिल्ह्यातील बागायतदार अशा वेळी देठ परीक्षण, म्हणजे पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांची तपासणी, करून घेतात. घरच्या एका वेलासाठी निदान माती तरी तपासून घ्यावी.

जास्वंदीसाठी एवढेच पाहावे: शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडते आहे, आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ही तक्रार नेहमीचीच आहे. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातील लोह) पाकिटावरील प्रमाणात फवारावे व शेणखत वाढवावे. उलट खालची, जुनी पाने सर्वांगाने पिवळी होत असतील, तर नत्राची उणीव किंवा मुळाशी साचलेले पाणी हे कारण असू शकते. कुंडीची भोके बुजली आहेत का, हे पाहिल्याशिवाय खत घालू नये.

प्रश्न: बदामाची गळलेली पाने जाळावीत की खत करावे? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: जाळू नयेत. ही पाने जाड असून त्यांत टॅनिन भरपूर असते, त्यामुळे ती अखंड ठेवल्यास कुजायला फार काळ लागतो. वाळल्यावर पोत्यात भरून चुरावीत, स्वयंपाकघरातील ओला कचरा व थोडे शेण मिसळून ढीग ओलसर राखावा आणि पावसाळ्यापर्यंत अधूनमधून उलथावा. उरलेला चुरा मे महिन्यात तामणाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून आच्छादन म्हणून पसरावा.